धुराडे उंच करण्यापूर्वी या चुका टाळा

गोव्यातील वेर्णा, कुंडई किंवा कुंकळ्ळी अशा एखाद्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या धुराबद्दल शेजारच्या वाड्यावरून तक्रार आली की, व्यवस्थापनाला सर्वप्रथम धुराडे उंच करण्याची कल्पना सुचते. उंचीमुळे धूर दूरवर पांगतो. त्यातील धूळ वा सल्फर डायऑक्साइड मात्र कणभरही घटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात, ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो त्या आकड्याच्या ०.३ घाताला १४ ने गुणून उंची मीटरमध्ये काढतात. १० किलोंना सुमारे २८ मीटर आणि २० किलोंना सुमारे ३४ मीटर उंची येते. म्हणजे प्रदूषण दुप्पट झाले तरी कागदावर अवघे सहा मीटर वाढतात, आणि तेवढ्यावर समाधान मानणे हीच पहिली चूक आहे.

दुसरी चूक इंधनाची. काजूची टरफले गोव्यात सहज मिळतात आणि उष्णताही चांगली देतात, परंतु त्यांतील तेल पुरते जळले नाही तर काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो आणि त्याचा चिकट थर बॅग फिल्टरच्या (धुरातील धूळ कापडी पिशव्यांतून गाळणाऱ्या पेटीच्या) कापडावर बसतो. एका वेळी भरमसाट टरफले न टाकता थोडी थोडी टाकावीत आणि इंधन ज्यावर जळते त्या जाळीच्या वरूनही पुरेशी हवा द्यावी.

बॅग फिल्टरचे खरे हाल पावसाळ्यात होतात. भट्टी रात्री बंद करून सकाळी पेटवली की थंड पत्र्यावर वाफेचे पाणी होते, धूळ ओली होऊन कापडाची छिद्रे बुजवते, आणि इंधनात गंधक असल्यास आम्लाने पत्राही गंजतो. यावर उपाय म्हणजे पेटीला उष्णतारोधक आवरण घालणे, भट्टी बंद झाल्यावरही काही वेळ पंखा चालू ठेवून ओलसर वायू बाहेर काढणे, आणि हॉपरमध्ये (पेटीच्या तळाच्या नरसाळ्यात) धूळ साठू न देणे. पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वाढला तर कापड तुंबले आहे हे बहुतेकांना कळते. तो अचानक घसरला तर मात्र ‘फिल्टर उत्तम चालला आहे’ असे समजले जाते. वास्तविक तेव्हा पिशवी फाटलेली, निसटलेली किंवा बायपासची (धूर फिल्टर टाळून परस्पर सोडणारी) झडप उघडी राहिलेली असण्याचा संभव अधिक असतो.

धूर गोल फिरवून त्यातील धूळ खाली पाडणाऱ्या सायक्लोनच्या तळाची झडप घट्ट बसत नसेल तर आत शिरणारी हवा खाली पडलेली धूळ पुन्हा वर उचलते. रबर बदलण्याइतके साधे हे काम वर्षानुवर्षे राहून जाते.

धूर पाण्याच्या फवाऱ्यांनी धुणाऱ्या ओल्या स्क्रबरवरील पांढरा लोट दिसला की घाबरण्याचे कारण नाही, कारण वाफ काही अंतरावर विरून जाते, जरी दमट हवेत त्यास थोडा अधिक वेळ लागला तरी. वाफ विरल्यावर मागे निळसर किंवा तपकिरी पट्टा उरत असेल, तर फवाऱ्यांची तोंडे तुंबली आहेत का आणि फिरत्या पाण्याचा सामू (pH) घसरला आहे का, हे त्याच दिवशी तपासावे.

नमुना घेण्याचे छिद्रही सोयीच्या जागी पाडू नये. वळणानंतर व्यासाच्या आठपट आणि धुराड्याच्या तोंडाआधी दोनपट सरळ अंतर हवे, म्हणजे एक मीटर व्यासाला खाली आठ व वर दोन मीटर. शिडी व मजबूत मचाण नसेल तर तपासनीस वर चढणार नाही, आणि खालून घेतलेल्या आकड्याला गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे फारसा अर्थ उरणार नाही.