एन्थाल्पीचं गणित कुठे फसतं? या चुका टाळा

ऐरोलीत माझ्याकडे थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) शिकायला येणाऱ्या बहुतेक पोरांना एन्थाल्पीची व्याख्या तोंडपाठ असते: अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान. ‘म्हणजे काय रे?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सर, उष्णता.’ पहिली ठेच इथेच लागते.

उष्णता ही येण्या-जाण्यातली ऊर्जा, ती पदार्थात साठून राहत नाही. एन्थाल्पी हा मात्र पदार्थाच्या अवस्थेचा गुणधर्म आहे. दोघांचे आकडे जुळतात ते दाब स्थिर असताना. उघड्या पातेल्यातलं पाणी घ्या. 100 अंशांवर 1 किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2257 किलोज्यूल लागतात. त्यातले 2088 च्या आसपास रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात जातात. उरलेले 169? वाफेला जवळपास 1.67 घनमीटर जागा हवी असते, आणि ती बाहेरच्या हवेला रेटल्याशिवाय मिळत नाही. हा रेटण्याचा खर्च.

म्हणूनच बंद, न फुगणाऱ्या टाकीत सीपी, म्हणजे स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता, वापरू नका. 1 किलो हवा 30 वरून 80 अंशांवर न्यायला तिथे 36 किलोज्यूल पुरतात. सीपी घेतलात तर 50 येतात. टाकी कुणाला ढकलतच नाही, मग वरचे 14 कशाचे?

आता वाहता वायू. सकाळी ठाण्याला फास्ट लोकलमध्ये आपण स्वतः चढत नाही, मागची गर्दी आपल्याला आत लोटते. पाइपमधल्या वायूचंही तसंच. मागच्या वायूने लावलेला जोर पीव्हीच्या (दाब गुणिले आकारमान) रूपाने एन्थाल्पीत आधीच धरलेला असतो. तरी पोरं एन्थाल्पी लिहून शेजारी प्रवाहाचं काम पुन्हा जोडतात. तो दोनदा मोजला जातो.

या लोटण्याचा परिणाम बघायचा असेल, तर उष्णतारोधक, पूर्ण निर्वात टाकीत बाहेरची 30 अंशांची हवा भरा. टाकीतली हवा किती अंशांवर जाईल? माझ्याकडची पोरं ठामपणे ‘30’ म्हणतात. प्रत्यक्षात आत शिरलेली एन्थाल्पी टाकीत अंतर्गत ऊर्जा होते, आणि केल्विनमधलं तापमान 1.4 पट होतं: 303 चे 424, म्हणजे सुमारे 151 अंश सेल्सिअस. मला हे गणित फार आवडतं.

झडपेतून दाब उतरला म्हणून एन्थाल्पी उतरली, असंही धरू नका. उष्णता बाहेर गेली नाही आणि वेग फारसा बदलला नाही, तर ती तेवढीच राहते.

शेवटचा घोळ एन्थाल्पीच्या तक्त्यांचा. आर-134ए या फ्रिजमधल्या शीतकाच्या 0 अंशांवरच्या संपृक्त (उकळण्याच्या बेतातल्या) द्रवाला एका तक्त्यात 200 किलोज्यूल प्रति किलो दिसतील, दुसऱ्यात सुमारे 52. दोन्ही बरोबर आहेत, शून्य कुठे मानलंय तेवढाच फरक. एक आकडा इकडून, एक तिकडून घेतला, की उत्तर गेलंच.