लॉनच्या कामातल्या या चुका टाळा: आधी खुरपी, मग युरिया

लॉन पिवळं पडलं की फोन येतो, आणि फोन करणाऱ्याने निदान आधीच करून ठेवलेलं असतं. "दादा, जरा युरिया टाकायला माणूस पाठवा." नाहीतर, "पाणी कमी पडतंय वाटतं, रोज दोन वेळ सोडायला सांगतो." बाणेर-बावधनच्या बंगल्यांपासून मुळशीच्या फार्महाउसपर्यंत आणि सोसायट्यांपासून लग्नाच्या लॉन्सपर्यंत माझं काम चालतं. सगळीकडे औषधं हीच दोन, पाणी आणि युरिया. दुखणं मात्र दहा प्रकारचं असतं.

यात मीही शहाणा नव्हतो. धंद्याच्या सुरुवातीला एका बंगल्यातल्या काकूंचं लॉन ऑगस्टच्या शेवटी चट्ट्याचट्ट्यांनी पिवळं पडायला लागलं. मी युरिया टाकला. पंधरा दिवसांनी चट्टे वाढले, मी पुन्हा टाकला. सप्टेंबरात काकूंनी चिडून पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून ओढलं, तर ते गोधडीसारखं उचलून हातात आलं. खाली मुळंच नव्हती. होत्या त्या पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या, तांबूस डोक्याच्या अळ्या. हुमणी! वीतभर चौकोनात नऊ निघाल्या. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत खताच्या आधी खुरपी असते.

पिवळेपणा वरून बघून ओळखू नका

एक वीत लांब-रुंद चौकोन खुरपीने तीन बाजूंनी कापा, झाकणासारखा उलटा, बघा आणि परत बसवून पाणी द्या. दोन मिनिटांचं काम आहे. मुळं पांढरी, लांब आणि माती मोकळी असेल तर भूक आहे असं समजा, खत द्या. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि मातीला कुबट वास असेल तर पाणी जास्त झालंय. मुळं कुरतडलेली असतील तर हुमणी. मुळं ठीक, पण दोन इंचांखाली खुरपी जातच नसेल तर माती दबलेली आहे.

हुमणीचं गणित पावसाशी बांधलेलं आहे. वळवाचे पहिले दोन-चार पाऊस झाले की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. अळ्या लहान असतात तेव्हा, म्हणजे जून-जुलैत, मेटारायझियम ही मित्रबुरशी ओल्या मातीत दिली तर उपयोग होतो. ऑक्टोबरात बोटाएवढ्या जाड अळ्यांवर तीच बुरशी ओतणं म्हणजे वरातीमागून घोडं. बंगल्याच्या कुंपणाशी कडुनिंब असेल तर मेअखेरीस रात्री दिव्याखाली भुंगेरे दिसतात का, एवढं घरच्यांना बघून ठेवायला सांगा.

आणि शेणखत. कच्चं, ऊब धरलेलं शेणखत लॉनवर पसरणं म्हणजे हुमणीला आणि तणाला घरपोच आमंत्रण. चुरगळल्यावर चहाच्या चोथ्यासारखं भुसभुशीत होईल आणि वास येणार नाही, तेच खत घ्या. तेही चाळून.

युरियाची मूठ

युरियात ४६ टक्के नत्र असतं. हजार चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो पुष्कळ, एक किलो म्हणजे कमाल. पण आपल्याकडे माप म्हणजे माळीमामांची मूठ. आठ दिवसांनी लॉनवर जळक्या कमानी उमटतात, हात जसा फिरला तशा. त्या कमानी बघून मामा उजव्या हाताने टाकतात की डाव्या, तेही सांगता येतं. उपाय सोपा आहे. युरिया चारपट कोरड्या मातीत मिसळा, त्याचे दोन भाग करा, एक उभा फेका, दुसरा आडवा. गवताची पानं कोरडी असताना फेका आणि लगेच पाणी सोडा. ओल्या पानाला चिकटलेला दाणा पान जाळतो.

जळकं वर्तुळ ताटलीएवढं, मध्ये पिवळं आणि कडेला गडद हिरवी किनार असेल तर मामांना बोलू नका. ते कुत्र्याचं काम आहे. कुत्र्याच्या लघवीतही नत्रच असतं, मध्ये जास्त होऊन जाळतं आणि कडेला खत म्हणून लागू पडतं. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर वाचतं.

डिसेंबर-जानेवारीचा फिकटपणा हे दुखणंच नाही. आपल्याकडची हरळीच्या जातीची लॉनं, मग ते सिलेक्शन वन असो की साधी देशी हरळी, उन्हाळी स्वभावाची. पुण्यात रात्री दहा-बारा अंशांवर उतरल्या की गवत निजतं. त्याला युरियाने उठवायला जाऊ नका. फेब्रुवारीत आपोआप उठतं.

पाणी मोजा, वेळ नको

"रोज अर्धा तास" हे पाण्याचं माप नव्हे. कुणाचा पंप एक एचपीचा, कुणाचा पाइप अर्ध्या इंचाचा. सरळ कडेच्या पाच-सहा वाट्या घ्या, लॉनवर इथे-तिथे ठेवा, स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवा आणि फूटपट्टीने पाणी मोजा. एका वाटीत आठ मिलिमीटर आणि कोपऱ्यातल्या वाटीत दोन, असं निघालं की कोपरा का वाळतो हे कळतं. तिथे खत टाकून काय होणार?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर धरा. हजार चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या पुढे झालं. पाच हजार फुटांच्या सोसायटीला दहा हजार लिटरचा टँकर चार दिवस पुरतो. हा हिशेब मी कंत्राटाच्या आधीच कमिटीसमोर मांडतो. ऐकून निम्मे लोक लॉन कमी करून झाडं लावायचं ठरवतात, आणि बऱ्याचदा तेच बरोबर असतं.

रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात. तीन-चार दिवसांनी एकदा, पण खोल पाणी द्या. वेळ पहाटेची. रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशी, विशेषतः पावसाळ्याच्या शेवटी. सोसायटीचं एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी वापरत असाल तर मातीवर पांढरट थर आणि पानांची टोकं करपणं, या दोन खुणांवर लक्ष ठेवा. ते क्षार असतात. महिन्यातून एकदा चांगल्या पाण्याने भरपूर भिजवून ते खाली उतरवावे लागतात. काळ्या मातीत, निचरा नसेल, तर हेही जमत नाही.

कापणी: एकदम हजामत नको

एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी गणपतीच्या आधी आठवण होते. दीड महिना पावसाने कापणी चुकलेली, गवत चार इंच वाढलेलं आणि आरतीला पाहुणे येणार म्हणून ब्रश कटरने एका दिवसात एक इंचावर. खाली उरतात तपकिरी काड्या. पाहुणे येतात तेव्हा लॉन वाळक्या खराट्यासारखं दिसतं. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा उतरवत आणा.

ब्रश कटर हे कडा आणि उतार कापायचं यंत्र आहे. सपाट लॉनला ते वापरलं की लाटा येतात. पातं बोथट असेल तर कापणीनंतर दुसऱ्या दिवशी लॉनवर राखाडी झाक दिसते. एक पान तोडून टोक बघा. धारदार पात्याने कापलेलं टोक सरळ असतं, बोथट पात्याने चघळल्यासारखं, दोरे निघालेलं. मी पावसाळ्यात दर आठ-दहा कापण्यांनी धार लावतो, आणि खडा लागला तर त्याच दिवशी.

लव्हाळा उपटू नका

लॉनपेक्षा दोन दिवसांत उंच होणारं, चकचकीत पोपटी काही दिसलं तर त्याचा दांडा बोटांत फिरवा. तिधारी लागला तर लव्हाळा. तो उपटला की वरचा शेंडा हातात येतो आणि खालच्या गाठींची माळ तुटते. मग प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. रोजंदारीवर चार बायका लावून लव्हाळा उपटून घेणारा मालक पुढच्या वर्षी आठ बायका लावतो. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणावर चालतं, लव्हाळ्याच्या गाठी त्याने मरत नाहीत. उलट वाऱ्याने शेजारच्यांचे टोमॅटो आणि द्राक्षवेल वेडेवाकडे होतात. ग्लायफोसेट हे तणनाशक लॉनही मारतं, आणि केंद्राने २०२२च्या ऑक्टोबरात काढलेल्या अधिसूचनेत त्याचा वापर पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता मर्यादित केला आहे. हरळीच्या लॉनमध्ये हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हा घटक उपयोगी पडतो. ऊसवाल्यांना तो चांगला माहीत आहे. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून घाईने दुसरा फवारा मारू नका. आधी एका कोपऱ्यात करून बघा, आणि पोरंटोरं, कुत्री दूर ठेवा.

सावलीत लॉन येत नाही, हे एका वाक्यात संपतं. सहा तास थेट ऊन नसेल तर हरळी विरळ होणारच. आंब्याखाली तिसऱ्यांदा तयार गवताचं कार्पेट घालू नका, खडी टाका.

लग्नाच्या लॉनची वेगळी तऱ्हा

इथे शत्रू कीड नाही, माणसं आहेत. कार्यक्रमाच्या सकाळी "फ्रेश दिसावं" म्हणून पाणी सोडतात आणि ओल्या मातीवर हजार माणसं, खुर्च्या, जनरेटरची गाडी. माती दबून फरशी होते. शेवटचं पाणी आदल्या दिवशी सकाळी, त्यानंतर नळ बंद. मॅटिंग रात्रीच उचलायला लावा. मे महिन्यात दुपारपर्यंत अंथरलेलं राहिलं तर पट्ट्यापट्ट्यांचं लॉन दिसतं. आचाऱ्यांना भाताची गरम पेज ओतायची जागा दाखवून द्या, नाहीतर ते स्वतः शोधतात. हंगाम उतरला की बागेच्या दातेरी काट्याने भोकं पाडून चाळलेली, धुतलेली वाळू भरा. न धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू नको, तिच्यातली भुकटी पाण्याने घट्ट बसते.

धंद्यातल्या चुका

पहिली आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे फोनवर चौरस फुटाचा दर सांगणं. तीन हजार फूट मोकळं मैदान आणि तीन हजार फुटांत चौदा झाडं, दोन कारंजी, पायवाटा, ही एकच कामं नव्हेत. दुसऱ्याला कडा कापायलाच दुप्पट वेळ जातो. जागेवर जा, टेप लावा, दोन माणसांना किती तास लागतील ते धरा, त्यात चांदणी चौकातली वाहतूक धरा, मग दर सांगा.

दुसरी, महिन्याच्या बोलीवर काम घेणं. जून ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी कापणी लागते, थंडीत महिन्यातून एकदा पुरते. वर्षभर सारखा हप्ता ठरला तर थंडीतले पैसे पावसाळ्याची मजुरी भरून काढतात. महिन्याच्या बोलीवाला गिऱ्हाईक जूनमध्ये लावतो आणि ऑक्टोबरात "आता तेवढं वाढत नाही हो" म्हणून सोडतो. मेहनत तुमची, बचत त्याची.

कागदावर काय लिहायचं? पाणी कोण देणार आणि पंप बिघडला तर जबाबदारी कुणाची. कापलेलं गवत कुठे जाणार, नाहीतर ते तुमच्याच टेंपोत. खताचे पैसे दरात की वेगळे. दगड उडून काच फुटली तर काय.

माणसांना चपलेवर ब्रश कटर देऊ नका. बूट, डोळ्यांना जाळीचा चष्मा, पिंडऱ्यांना गार्ड. विजेचं मोवर ओल्या लॉनवर चालवू नका, इएलसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) नसलेल्या पॉइंटला जोडू नका, आणि वायर नेहमी खांद्यावरून मागे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल न घालता पेट्रोल भरलं की पिस्टन धरतो, म्हणून दोन कॅन, दोन रंगांचे. पंपावरचं पेट्रोल हल्ली ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं असतं, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांना इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालतं. मॅन्युअल बघा. निदान मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा.

हिशेबाचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी, सेवेवर १८ टक्के. बिलावर लिहायचा देखभाल सेवेचा सॅक कोड ९९८५९७. एका सोसायटीचं वर्षाचं बिल लाखाच्या वर गेलं की ती टीडीएस कापते, धंदा एकट्याच्या नावावर असेल तर १ टक्का, पण पॅन दिला नसेल तर २०. एकदा माझा पॅन कमिटीच्या फायलीत हरवला होता आणि ते मला मार्चमध्ये कळलं.

शेवटचं, फोटो. सोसायटीची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, कधी कधी कमिटी बदलते आणि नवे सेक्रेटरी विचारतात, "लॉन इतकं खराब कसं झालं?" पहिल्या दिवशीचे फोटो असतील तर बोलावं लागत नाही. टेप लावलेले, तारीख दिसणारे, टकलं पडलेल्या प्रत्येक जागेचे. आणि एक उलटलेल्या चौकोनाचा, खुरपीसकट.