मनाच्या आरोग्याचा आराखडा करताय? या चुका टाळा

आराखडा म्हणजे एकच पान. रोज काय केल्यानं मन ताळ्यावर राहतं, बिघडायला लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा लगेच काय करायचं, कोणाला फोन करायचा आणि असह्य झालं तर पुढं काय, एवढंच त्यात असतं. लिहायला तासभर पुरतो. तरी बऱ्याचदा तो टिकत नाही, कारण मोकळ्या दिवसांत, बऱ्या मनानं लिहिलेला असतो. वाचायची वेळ मात्र वाईट दिवशी येते.

उन्हाळ्यातला आराखडा पेरणीत मोडतो

एप्रिल-मेमध्ये वावर रिकामं असतं, म्हणून ‘पहाटे तासभर फिरणं, रात्री दहाला झोप’ असं लिहिलं जातं. मृग लागला की ते सुटतं आणि ‘आपल्यानं काहीच होत नाही’ हा नवा भार डोक्यावर बसतो. म्हणून दोन रकाने करा: मोकळ्या दिवसांचा आणि हंगामाचा. हंगामाच्या रकान्यात तीनच गोष्टी ठेवा: जेवण चुकवायचं नाही, कोणाशी तरी दहा मिनिटं हिशेब सोडून बोलायचं, आणि झोप.

झोपेकडं खास लक्ष द्या. हरभऱ्या-गव्हाचं ओलित रात्रीच्या लाईनवर, वर रानडुकरांसाठी जागल. सलग जागरणानं आधी चिडचिड वाढते, मग निर्णय चुकतात, मग उदासी घर करते. भाऊ, शेजारी यांच्यात पाळ्या लावा. एकाच माणसावर सलग दोन रात्रींपेक्षा जास्त जागल नको. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास पडा, चारनंतर चहा टाळा.

ताण येणारच अशा वेळाही पानावर मांडा: पेरणीनंतरची उघाड, जूनमधली मुलांची फी, 31 मार्चचा पीककर्जाचा भरणा. त्या आठवड्यात कोण सोबत असेल, हे आधीच ठरवा.

खुणा गुळगुळीत लिहू नका

‘मन उदास होतं’ हे वाईट दिवशी काहीच सांगत नाही, कारण तेव्हा तेच नेहमीचं वाटतं. घरच्यांना दिसेल असं लिहा: ‘तीन दिवस पारावर गेलो नाही. दाढी वाढली. फोन वाजतो, उचलत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही.’ या ओळी बायकोला, भावाला वाचून दाखवा. तुमच्याआधी त्यांना कळतं. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवडे टिकलं, तर थांबू नका. आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडं पाठवता येतं.

नुसती नावं लिहिणं

तीन नावं आणि तीन नंबर कागदावर हातानं लिहा, कारण बॅटरी उतरते. त्या तिघांना आधी विचारा: ‘रात्री अकराला फोन केला तर चालेल का?’ एक जण चालत पोहोचेल इतका जवळचा हवा. खाली टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर 112 (तातडीची मदत) किंवा 108 (रुग्णवाहिका).

फवारणीचं औषध हाताशी ठेवणं

हे सर्वात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच आराखड्यात नसतं. जीव द्यायचा तीव्र विचार बहुतेकदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळी विष हाती लागलं नाही तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. एका फवारणीपुरतंच आणा. डबे ओसरीवर, गोठ्यात, खाटेखाली नकोत. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. मन बिघडल्याची खूण दिसली की पेटीच नातेवाइकाकडं हलवा. जोडीला दारूही बंद ठेवा. झोप येते म्हणून ती घेतली जाते, पण ती झोप तुटक असते आणि मनावरचा लगाम सुटतो.

बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून, किंवा बरं वाटताच सोडल्या, की त्रास उलटतो. बरं वाटल्यावरही त्या सहसा निदान सहा महिने चालतात. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

घरात एकच आराखडा

बाईचं पान वेगळं हवं. निंदण, वेचणी, स्वयंपाक आणि सासरचा धाक यांत तिचा दिवस जातो. तिला बोलायला माहेरची बहीण किंवा बचतगटातली मैत्रीण लागेल, नवऱ्याचा मित्र नाही. तिच्या पानावर ‘रोज संध्याकाळी वीस मिनिटं फोन माझ्याकडं’ असं लिहायचं असेल, तर ते आधी घरात बोलून ठरवा.

पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पाडव्याला आणि दिवाळीनंतर एकदा काढून वाचा: बदललेले नंबर खोडा, न जमलेली कामं काढून टाका.