उपाशी झोपूनही सकाळची साखर जास्त? या चुका टाळा

रावेरकडे आमची केळी आहे. पहाटे मळ्यात मोटार सुरू करायला निघण्याआधी आबा ओट्यावर ग्लुकोमीटर घेऊन बसतात. एकदा आकडा आला १६८. "रात्री घासभर खाल्लं नाही, मंग ही साखर आली कुठून?" त्या दिवसापासून त्यांनी रात्रीची कळण्याची भाकरीच बंद केली. पहिली चूक हीच.

साखर आली यकृतातून. जेवल्यावर स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि यकृत साधारण १०० ग्रॅमपर्यंत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. स्नायूंकडे याहून मोठा साठा असतो, पण तो ते स्वतःच वापरतात, रक्तात परत सोडत नाहीत. मेंदूला मात्र दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, झोपेतसुद्धा. म्हणून रात्री ग्लुकागॉन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर यकृत साखर सोडत राहतं, आणि साठा उतरला की प्रथिनांतून नवी बनवतं. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक भर घालतात. निरोगी माणसात इन्सुलिन याला आवर घालतं. मधुमेहात तो आवर सैल पडतो, मग उपाशी झोपलात तरी आकडा चढतोच.

जेवण टाळून गोळी तेवढी घेणं तर धोक्याचंच. काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. नवरात्राच्या उपवासात हे हमखास घडतं. घाम, थरथर, बडबड सुरू झाली आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर भाकरी वाढत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

सकाळचा आकडा सतत जास्त येत असेल तर दोन-तीन रात्री ३ वाजता उठून मोजा. मध्यरात्री ठीक आणि पहाटे जास्त, की रात्रभरच जास्त, की ३ वाजता कमी? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. वही डॉक्टरांना दाखवा, डोस मनाने बदलू नका.

मोजण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा. आखाजीला आमरस कालवलेल्या बोटाने तपासलं तर आकडा फुगणारच. आमच्याकडे एकदा तेवढ्यावरून घरभर घबराट झाली होती.

साखरेसोबत थायरॉइडचीही गोळी चालू असेल, तर ती चहासोबत घेऊ नका. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्या.

आणि इन्सुलिन. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा कुपी फडताळात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलीत तर औषध निकामी होतं. फ्रीज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रीज नसेल तर कुपी कोरड्या डब्यात घट्ट बंद करून माठाच्या पाण्यात ठेवा.