हार्ट फेल्युअरची गोळी घेताना या चुका टाळा

निपाणीत माझं मेडिकलचं दुकान आहे. इथला पेशंट आज बेळगावला दाखवतो, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला. परवा एका काकांनी पिशवीतून दोन फायली काढल्या. दोन्हींत मेटोप्रोलोल, म्हणजे हार्ट फेल्युअरची (हृदय कमजोर पडून रक्त नीट पंप न होण्याची) गोळी, कंपन्या तेवढ्या वेगळ्या. काका दोन्ही पट्ट्यांतली एकेक गोळी रोज घेत होते. "उठलो की डोळ्यांपुढं अंधारी येतीय," म्हणाले. येणारच! तिथूनच डॉक्टरांना फोन लावून एक पट्टी बंद करून घेतली. मोठं नाव कंपनीचं असतं. औषधाचं नाव बारीक अक्षरांत असतं, ते वाचा. आणि कुठंही जा, दोन्ही फायली न्या.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे गोळी आपल्या मनानं सोडणं. हृदय कमजोर झालं की सिम्पथेटिक नसा (ताणाच्या वेळी हृदयाचा वेग वाढवणारे मज्जातंतू) नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडून त्याला पळवत राहतात. सुरुवातीला त्यावर निभावतं. पण तोच मारा चालू राहिला की हृदयाचा स्नायू आणखी खचतो. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल ही बीटा ब्लॉकर जातीची औषधं. बीटा ब्लॉकर हा मारा अडवतो. एके काळी डॉक्टरच अशा पेशंटला तो द्यायला घाबरायचे. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी तो देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९९९ च्या सीबिस-२ या हार्ट फेल्युअरच्या पेशंटवरच्या चाचणीत बिसोप्रोलोलनं मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले.

पण सुरुवातीचे काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटतं, आणि तिथंच लोक कंटाळतात. म्हणून तर बिसोप्रोलोल १.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि सोसेल तसं, हळूहळू १० पर्यंत नेतात. एकदम बंद केलं तर अडवलेला जोर उसळून येतो. धडधड वाढते, काहींना अ‍ॅटॅकही येतो. नाडी ५० च्या खाली गेली, चक्कर आली किंवा धाप वाढली तर लगेच डॉक्टरांना विचारा. डोस त्यांनाच कमी करू दे.

मेटोप्रोलोल सक्सिनेट आणि टार्ट्रेट एकच समजू नका. हार्ट फेल्युअरला सक्सिनेटच देतात. ती गोळी चुरून घेऊ नका. कार्व्हेडिलोल जेवणासोबत घ्या. दमा असेल तर आधीच सांगा. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक मागायला येऊ नका, त्यानं अंगात पाणी साठतं. मी देणारही नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. घरी काटा नसेल तर दुकानात आहे, पैसे घेत नाही.