नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी एअरफ्लो सेन्सर कसा निवडावा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून मिळतो, हेड प्लेन करून मिळतं, फ्लायव्हीलचं वजन उतरवून मिळतं. एवढं सगळं मापात झाल्यावर इंजिनात शिरणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मात्र पाइपाला जो बसेल तो उचलला जातो. हा सेन्सर पाइपाच्या व्यासावर निवडायचा नसतो. इंजिन तासाला किती किलो हवा ओढतं त्यावर निवडायचा असतो. आणि हा आकडा दोन ठिकाणी काढावा लागतो, फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) आणि आयडलिंगला (ॲक्सिलरेटर सोडून, गाडी उभी असताना). दुसरा आकडा बहुतेक जण काढतच नाहीत.

आधी ईसीयू बघा

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावर चालतात. एअरफ्लो सेन्सर जास्त करून डिझेल गाड्यांत दिसतो. त्यामुळे मूळ ईसीयूला, म्हणजे पेट्रोलचा हिशेब करणाऱ्या कॉम्प्युटरला, नुसता सेन्सर जोडून काही साधत नाही. एअरफ्लोचा कर्व्ह, म्हणजे कुठल्या सिग्नलला किती हवा हा तक्ता, भरता येईल असा प्रोग्रामेबल ईसीयू हवा. त्याचं इनपुट ० ते ५ व्होल्टचं आहे की फ्रिक्वेन्सीचं, हे पैसे देण्याआधी पक्कं करा. बॉशचा एचएफएम-५ व्होल्टेज देतो, जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांवरचा सेन्सर फ्रिक्वेन्सी देतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी किंवा फार मोठ्या ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम असेल तर एअरफ्लो सेन्सरच्या नादी लागू नका. अशा इंजिनात कमी आरपीएमला हवा मागे धक्का मारते. साध्या हॉट-वायर सेन्सरला (तापलेली तार किती थंड होते त्यावरून हवा मोजणाऱ्या) दिशा कळत नाही, त्यामुळे तीच हवा दोनदा मोजली जाते आणि पेट्रोल जास्त पडतं. तिथे मॅप सेन्सर किंवा थ्रॉटलच्या कोनावरचं ट्यूनिंग बरं.

बाकीच्या इंजिनांना एअरफ्लो सेन्सरचा मोठा फायदा म्हणजे तो थेट हवेचं वजन मोजतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गेलात की हवा दाट होते आणि तो बदल सेन्सर आपोआप धरतो.

हवेचा हिशेब

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरतं. म्हणून लिटर गुणिले आरपीएम, भागिले २, गुणिले व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी, म्हणजे सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के भरतो ते. उदाहरणार्थ १.६ लिटर, ६५०० आरपीएम, ९० टक्के एफिशियन्सी धरली तर मिनिटाला ४६८० लिटर, म्हणजे तासाला सुमारे २८१ घनमीटर हवा झाली. कोल्हापुरात ३० अंशाला एक घनमीटर हवा साधारण १.०९ किलो भरते. म्हणजे तासाला सुमारे ३०६ किलो. कोकण किनाऱ्यावर २५ अंशाला हेच इंजिन ३३० च्या वर जातं, म्हणून निवड किनाऱ्याचा आकडा धरूनच करा.

टर्बो लावून ०.७ बार बूस्ट (वाढीव दाब) दिला आणि ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतर हवा ५० अंशांवर राहिली, तर हाच आकडा तासाला ५०० किलोपर्यंत जातो. पडताळा घ्यायचा तर किलोच्या आकड्याला २.८ ने भागा, अंदाजे हॉर्सपॉवर मिळते. ५०० किलोला १८० च्या आसपास. इंजिनाची खरी अपेक्षा याच्या जवळपास नसेल तर हिशेबात कुठेतरी चूक आहे.

या आकड्यापेक्षा साधारण २० टक्के जास्त क्षमतेचा सेन्सर धरा. सेन्सर वरच्या टोकाला अडकला की व्होल्टेज वाढायचं थांबतं, हवा मात्र वाढतच राहते. ईसीयूला ते कळत नाही, मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि पिस्टन जातो. एचएफएम-५ मालिकेत ३७०, ४८०, ६४०, ८५० आणि १००० किलो अशा पायऱ्या मिळतात. वरच्या हिशेबाने साध्या इंजिनाला ३७० चा जेमतेम पुरतो (किनाऱ्यावर २० ऐवजी १०-१२ टक्केच जागा उरते), टर्बोला ६४० चा लागतो.

मग १००० चाच का घेऊ नये? कारण आयडलिंग. १.६ लिटरचं गरम इंजिन ८५० आरपीएमला तासाला ८ ते ११ किलोच हवा घेतं. ३७० चा सेन्सर ८ किलोपासून नीट मोजतो, ६४० चा १२ पासून. त्याखाली सिग्नल येतो, पण भरवशाचा नसतो. गाडी डुलते, क्लच दाबला की बंद पडते, आणि इंजेक्टर विनाकारण दोनदा धुतले जातात. म्हणून पुरेल तो सर्वांत लहान सेन्सर घ्यायचा. टर्बोसाठी ६४० चा घ्यावाच लागला तर आयडलिंगपुरतं मॅप सेन्सरवर चालणारा ईसीयू निवडा.

हाउसिंग लेथवर करून घेणार असाल तर

कोल्हापुरात हा मोह सगळ्यांनाच होतो, आणि इथले टर्नर ते काम उत्तम करतात. प्लग-इन सेन्सर मूळ हाउसिंगमधून काढून मोठ्या हाउसिंगमध्ये बसवला की त्याच व्होल्टेजला हवा क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. ६२ मिलिमीटरवरून ७६ वर गेलात तर आकडा दीडपट होतो. आयडलिंगची खालची मर्यादाही दीडपटच वर सरकते, हे विसरू नका.

७० मिलिमीटरच्या बोअरमध्ये एक मिलिमीटर चुकला तर पेट्रोलचा हिशेब जवळजवळ ३ टक्क्यांनी चुकतो. बोअरमधली चूक ०.१ मिलिमीटरच्या आत ठेवा. वाळूच्या साच्यातली कास्टिंग कच्ची वापरू नका, तिला ड्राफ्ट (निमुळता उतार) असतो आणि पृष्ठभाग खडबडीत. ॲल्युमिनियमच्या बारमधून टर्निंग करून घ्या किंवा कास्टिंग आतून पूर्ण मशीन करा. सेन्सरची चोच, म्हणजे पाइपात शिरणारा भाग, आत किती जाते तेही मोजून ठेवा. पाइपाच्या मध्यात हवा वेगाने जाते, भिंतीलगत सावकाश. खोली दोन मिलिमीटर बदलली तरी कर्व्ह बदलतो. मूळ हाउसिंगला जाळी असेल तर नव्यालाही लावा. हवेचा प्रवाह तीच सरळ करते, ती काढून वाढलेली पॉवर कागदावरच राहते.

जुना सेन्सर घेताना

डिझेलमधून निघालेल्या जुन्या सेन्सरवर तेल आणि धुळीचा थर असतो, तो हवा कमी दाखवतो. एचएफएम-५ मध्ये २ नंबरच्या पिनला १२ व्होल्ट, ३ ला अर्थ, ४ ला ५ व्होल्ट, ५ वर सिग्नल. इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवून सिग्नल मोजा. १ व्होल्टच्या अगदी जवळ हवा. तिथे फरक दिसला तर सेन्सर परत करा. साफ करायचा तर एअरफ्लो सेन्सरचाच स्प्रे वापरा. कार्ब क्लीनर, कापूस, कॉम्प्रेसरची हवा यांपैकी काहीही आतल्या हवा मोजणाऱ्या पातळ फिल्मला लावू नका.

बसवण्याची जागा

सेन्सरच्या आधी जितका सरळ पाइप देता येईल तितका द्या, निदान १५० मिलिमीटर. बाण इंजिनाकडे. चोच वरून किंवा बाजूने आत येऊ द्या, खालून नको, पाणी आणि तेल तिथेच साठतं. टर्बोच्या आधी सेन्सर असेल तर थ्रॉटल सोडल्यावर जास्तीचा दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची हवा सेन्सरनंतरच्या पाइपात परत सोडा. बाहेर सोडली तर मोजलेली हवा इंजिनात पोचत नाही, मिश्रण रिच होऊन गिअर बदलताना गाडी बंद पडते. ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ सोडणारा) पाइपही सेन्सरनंतरच जोडा. तेल लावलेला कॉटन फिल्टर वापरायचा असेल तर तेल अगदी बेताने. उसाच्या हंगामातली धूळ त्या तेलावर बसून थेट फिल्मवर येते.

कर्व्ह जुळवणे

एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड लॅम्डा सेन्सरशिवाय हे काम हाती घेऊ नका, आणि एअर-फ्युएल रेशो न वाचता लॅम्डा (मिळालेला रेशो भागिले योग्य रेशो) वाचा. २० टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलला योग्य रेशो १४.७ नसून साधारण १३.५ असतो. पेट्रोलचा हिशेब जुन्याच आकड्यावर केलात तर गाडी लीन चालेल. लॅम्डा दोन्ही पेट्रोलांना १ च असतो.

आधी गळती तपासा. आयडलिंगला लीन आणि आरपीएम वाढवला की फरक मिटतो, असं दिसलं तर सेन्सरनंतर कुठेतरी हवा शिरते आहे. क्लॅम्प, पाइप, इनटेक गॅस्केट बघा. सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी फरक असेल तर हाउसिंगचा आकडा चुकला आहे. गळती नाही याची खात्री झाल्यावर प्रत्येक व्होल्टेजला जुना आकडा गुणिले मिळालेला लॅम्डा, भागिले हवा असलेला लॅम्डा, असं नवं मूल्य भरा. १.०० हवा असताना १.०५ आला तर ५ टक्के वाढवा. इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) आधी बरोबर भरलेला असावा, नाहीतर त्याची चूक एअरफ्लोच्या कर्व्हमध्ये मुरते आणि नंतर सापडत नाही.

कर्व्हच्या खालच्या टोकाचे आकडे इंजिन गरम असताना, फॅन आणि एसी लावून-काढून दोनदा घ्या. वरच्या टोकाचे आकडे रस्त्यावर घेऊ नका, डायनोवरच (गाडी उभी ठेवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) घ्या.