नवीन क्लायंटचा पहिला महिना कसा आखावा: पर्सनल ट्रेनरसाठी

पहिल्याच दिवशी क्लायंटला घामाघूम केलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, त्यालाही आणि ट्रेनरलाही. तिसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही आणि पुढच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही. समोरचा माणूस चाळिशी ओलांडलेला, वर्षानुवर्षं बैठं काम करणारा असेल तर घाई महागात पडते.

१. विचारपूस आधी, व्यायाम नंतर

‘बीपी आहे का?’ असं विचारू नका. गोळीने बीपी आटोक्यात असलेले काका बिनधास्त ‘नाही’ म्हणतात. ‘काका, रोज कोणकोणत्या गोळ्या घेता?’ असं विचारा आणि नावं लिहून घ्या. बीपीच्या काही गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशा माणसाला मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून पळवणं धोक्याचं. त्याच्याशी बोलत राहा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक आहे.

बीपी मोजण्याआधी त्याला ५ मिनिटं शांत बसवा आणि हात छातीच्या पातळीवर टेकवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा-सिगारेट नको. आकडा १८०/११० किंवा त्यावर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तसाच राहिला तर व्यायाम रद्द, डॉक्टरांकडे पाठवा. जिना चढताना छातीत दुखणं, चक्कर, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय सुरुवात करू नका.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी सेशन नकोच. चतुर्थी-एकादशीला आज उपास आहे का हे आठवणीने विचारा. हात थरथरले, अचानक थंड घाम आला, बोलणं अडखळलं तर लगेच थांबवा. शुद्धीवर असेल तर ३ चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी शुगर मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, अँब्युलन्स बोलवा.

२. खुर्चीची चाचणी

बिनहाताची, साधारण ४३ सेंमी उंच खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. आकड्याइतकंच निरीक्षण महत्त्वाचं: टाचा उचलतात का, गुडघे आत वळतात का, उठताना श्वास कोंडतो का. पहिल्या दिवसाचा व्यायाम यावरूनच ठरतो.

३. पहिलं सेशन

खुर्चीपर्यंतचं स्क्वॉट, भिंतीवरचे पुशअप, रबरी बँड स्वतःकडे ओढण्याचं रोइंग आणि काठी पाठीला लावून कंबरेतून वाकण्याचा सराव एवढं पुरे. प्रत्येकाचे २ सेट (फेऱ्या), दर सेटला ८ ते १० रेप्स (आवर्तनं). सेट संपेल तेव्हा अजून ३-४ रेप्स मारता आल्या असत्या, असं त्याला वाटलं पाहिजे. ‘एवढंच?’ असं तो म्हणेल, म्हणू दे.

लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) आणि वजन हळूहळू खाली सोडण्याचे प्रकार पहिले दोन आठवडे टाळा. ताणलेल्या स्थितीत भार घेतला की स्नायूंना सर्वांत जास्त सूक्ष्म इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत चढतं. तेवढं दुखणं चालतं. पण अंगाला सूज, असह्य वेदना आणि कोलासारखी काळपट लघवी दिसली तर बर्फ-मालीश करत बसू नका, थेट रुग्णालयात पाठवा. स्नायू झिजून मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण असू शकते.

सूचना एका वेळी एकच द्या. ‘छाती वर, पोट आत, गुडघे बाहेर, श्वास सोडा’ हे एका दमात सांगितलं की माणूस गोंधळून श्वासच रोखतो आणि बीपी चढतं. हात लावून दाखवायचं असेल तर दर वेळी विचारून.

४. वजन वाढवताना

शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा २ रेप्स जास्त जमल्या आणि हे सलग दोन सेशनमध्ये झालं, की वजन वाढवा. अडचण येते ती जिममधल्या डंबेल्सची. ५ किलोनंतर थेट ७.५ किलो असेल तर उडी निम्म्याने मोठी होते, म्हणून खांदे-दंडांच्या व्यायामात आधी त्याच वजनावर १५ रेप्सपर्यंत न्या. पायांच्या व्यायामात एवढी अडचण येत नाही.

वही ठेवा: तारीख, वजन, रेप्स, दुखतंय का, झोप. ‘मागच्या वेळी काय केलं होतं?’ असं ट्रेनरने क्लायंटलाच विचारणं शोभत नाही.

गोळ्या बदलणं, पथ्य लिहून देणं, पावडरचा डबा विकणं हे आपलं काम नव्हे. चौथ्या आठवड्यात त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा चाचणी घ्या. वजनकाटा महिन्याभरात फारसा हलत नाही, उठबशांचा आकडा मात्र बहुधा वाढलेला असतो. लग्नसराई किंवा गणपतीत दोन आठवडे खंड पडला तर आधीच्या वजनाच्या साधारण ७० टक्क्यांवरून पुन्हा सुरू करा.